राजीनामा दिला की घेतला?

‘राजीनामा लिहून दे, अनुभवाचे प्रमाणपत्र चांगले देतो. नाहीतर काढून टाकले अशी नोंद होईल, मग पुढे कुठे उभे करणार नाहीत.’ शिरूर कासार तालुक्यात काम करताना हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलेल्या मुलींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता शब्दसुद्धा पाठ झाले आहेत. सांगणारी मुलगी बहुतेक एएनएम किंवा जीएनएम झालेली असते. कधी लॅब टेक्निशियन असते, कधी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवरची कंत्राटी कर्मचारी. आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात. घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच. आणि ती आपल्याकडे येते तेव्हा सही करून आलेली असते.

मग आपल्यातलाच कोणी कार्यकर्ता म्हणतो, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिले ना? आता काय होणार?’

आमचे म्हणणे असे की इथेच आपण अर्धी लढाई हरतो. हाताने लिहिले म्हणजे मनाने दिले, असे कायदा मानत नाही. आरोग्य क्षेत्रातल्या नोकरीवरून देशात जे मोठे खटले झाले, त्यांतले काही नेमके याच प्रश्नावर झाले आहेत. ते आपल्या तरुणांना माहीत असायला हवेत. ऊसतोड, आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी यांवर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. नोकरी लागल्यानंतर त्या नोकरीत माणूस टिकतो कसा, यावर मात्र फार थोडे.

आधी हे पाहू की मालकाला राजीनामाच का हवा असतो. काढून टाकायला त्याला कोणी अडवले आहे? अडवले आहे. दवाखाना कामगार कायद्याच्या कक्षेत येत असेल आणि कर्मचाऱ्याचे वर्षभराचे काम २४० दिवस भरले असेल, तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे तर आरोपपत्र, खुलासा, चौकशी आली, आणि चौकशीत तिला बोलू द्यावे लागते. राजीनाम्याला यातले काही लागत नाही. एका कागदावर चार ओळी, खाली सही, तारीख. कधी कधी तारीखही नसते. ती जागा नंतर भरली जाते. काही ठिकाणी तर रुजू होतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवतात आणि मूळ गुणपत्रिका कपाटात जातात. पाच-दहा हजारांच्या पगारासाठी कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

म्हणजे राजीनामा हा मालकासाठी सर्वांत स्वस्त मार्ग. तो स्वस्त राहतो कारण त्याला कोणी आव्हान देत नाही.

अलाहाबादच्या कमला नेहरू मेमोरियल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. प्रभा अत्री यांनी आव्हान दिले. गैरहजेरीच्या कारणावरून रुग्णालयाने त्यांना निलंबित केले होते. त्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले होते. निलंबनाचे पत्र हातात पडल्यावर त्यांनी रागाने उत्तर लिहिले. त्याचा मतितार्थ असा की मी इतकी वर्षे रुग्णांसाठी राबले, आजारपण समजून घ्यायचे सोडून तुम्ही शिक्षा करता, हे पत्र मागे घ्या. ते तुम्हाला मान्य नसेल तर राजीनामा देण्याशिवाय मला पर्याय उरत नाही. रुग्णालयाने शेवटची ओळ तेवढी उचलली. राजीनामा मंजूर, असे कळवून टाकले. चौकशीही संपली आणि नोकरीही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००२ च्या अखेरीस निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की हा राजीनामाच नव्हे. राजीनामा द्यायचा असेल तर पद सोडण्याचा स्पष्ट, बिनशर्त हेतू त्या लिखाणातून दिसला पाहिजे. पत्र सगळे एकत्र वाचायचे असते, कोणत्या प्रसंगी लिहिले तेही पाहायचे असते. अपमान झालेल्या माणसाने ‘असेच चालले तर मला जावे लागेल’ म्हणणे आणि ‘मी जाते’ म्हणणे यांत फरक आहे, आणि तो फरक मालकाने आपल्या सोयीने पुसायचा नाही.

आपल्याकडच्या मुली असे पत्र लिहीत नाहीत हे खरे आहे. त्यांना मजकूर सांगितला जातो: ‘वैयक्तिक कारणामुळे मी स्वखुशीने…’ हे ‘स्वखुशीने’ प्रत्येक कागदावर असते. इथे डॉ. अत्रींचा निकाल अपुरा पडतो, कारण कागदावर अट नाही, राग नाही, सगळे गोडीगुलाबीचे आहे. अशा वेळी दुसरा निकाल कामाला येतो. तो आरोग्य क्षेत्रातला नाही, न्यायव्यवस्थेतलाच आहे.

मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर लैंगिक छळाचा आरोप केला होता. जुलै २०१४ मध्ये त्यांची ग्वाल्हेरहून सिधीला बदली झाली, तीही शैक्षणिक वर्षाच्या मध्यात, मुलगी बारावीत असताना. आठ जुलैला बदलीचा आदेश निघाला. मुलीचे वर्ष तरी होऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली, ती फेटाळली. पुन्हा केली; पुन्हा फेटाळली. पंधरा जुलैला त्यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत तो मंजूरही झाला. पुढे राज्यसभेने नेमलेल्या चौकशी समितीला छळाचा आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही, पण बदली नियमाला धरून नव्हती, असे त्याच समितीने नोंदवले. शेवटी १० फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा राजीनामा स्वेच्छेचा मानता येणार नाही, त्यांना सेवेत परत घ्या. खंडपीठात न्या. नागेश्वर राव होते, आणि निकालपत्र लिहिले होते न्या. भूषण गवई यांनी. अमरावतीचे, दादासाहेब गवईंचे चिरंजीव, पुढे २०२५ मध्ये देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झालेले. त्यांच्या सरन्यायाधीश होण्याचे स्टेटस आपण सगळ्यांनी ठेवले होते. हा निकाल आपल्यातल्या किती जणांनी वाचला, हे विचारायला हरकत नाही.

या निकालात आम्हाला महत्त्वाची वाटते ती तारखांची मांडणी. न्यायालयाने मनात शिरून पाहिले नाही; ते कोणालाच जमत नाही. कोणत्या दिवशी काय घडले ते एकापुढे एक ठेवले. आदेश, विनंती, नकार, विनंती, नकार, राजीनामा. सगळे आठवड्याच्या आत. एकीकडे आई म्हणून मुलीचे शिक्षण, दुसरीकडे नोकरी, आणि मध्ये कोंडलेली बाई. एवढे मांडल्यावर ‘स्वखुशीने’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही खोटी आशा लावल्यासारखे होईल. त्या न्यायाधीश होत्या. कायदा त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची बाजू इंदिरा जयसिंग यांच्यासारख्या ज्येष्ठ वकिलांनी मांडली. तरीही साडेसात वर्षे गेली, आणि सेवेत सलगता मिळाली तरी मधल्या काळाचा पगार मिळाला नाही. शिरूरच्या एखाद्या नर्सिंग होममधल्या मुलीला साडेसात वर्षे परवडणार आहेत का? बीडला जायचे म्हटले तरी एका दिवसाची मजुरी बुडते. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची तर गोष्टच वेगळी.

शिवाय पुराव्याचे ओझे तिच्यावर असते. सही माझी आहे पण दबावाने घेतली, असे जी म्हणते तिनेच ते दाखवायचे. सही करून घरी गेली, सहा महिने गप्प बसली आणि मग तक्रार केली, तर समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: इतके दिवस काय करत होता? याला नंतर सुचलेली कहाणी म्हणतात, आणि बहुतेक प्रकरणे इथेच मरतात. कायद्याच्या कलमापाशी येईपर्यंत ती जगतच नाहीत.

म्हणून पहिल्या काही दिवसांना सगळ्यात जास्त किंमत आहे. राजीनामा मंजूर होऊन लागू होण्याआधी तो मागे घेता येतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र यांच्या प्रकरणात मांडले आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये, आपल्या कोकण रेल्वेच्या एका जुन्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तेच झाले. त्याने राजीनामा दिला होता, प्रशासन म्हणत होते की आम्ही तो मंजूर केला. पण मंजुरी त्याला रीतसर कळवल्याचे दिसले नाही, आणि दरम्यान त्याने राजीनामा मागे घेतला होता. न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला लावले आणि मधल्या काळाचा निम्मा पगारही दिला. त्याच्या हातात काय होते? मागे घेतल्याचे एक पत्र. तारीख असलेले.

आमचा आग्रह त्या पत्राचाच आहे. दुसऱ्या दिवशी, नाहीतर त्याच रात्री. ‘अमुक वेळी, अमुक खोलीत, अमुक लोक असताना माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. तो माझ्या इच्छेने नाही. मी तो मागे घेते. मी कामावर यायला तयार आहे.’ एवढेच. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ईमेल असेल तर ईमेलवर, आणि स्पीड पोस्टाने पोच घेऊन. जुने रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे, त्यामुळे काउंटरवर ‘रजिस्ट्री बंद झाली’ म्हटले तर घाबरून परत येऊ नका. पोचपावतीची सोय मागून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या वेळेला दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहा. आत घेतले नाही तर तेही लिहून पाठवा. ज्याला नोकरी सोडायची असते तो असा दारात उभा राहत नाही, हे कोणत्याही न्यायाधीशाला समजते.

सोबत ड्युटीच्या यादीचा फोटो, पगार जमा झाल्याचे पासबुक, ओळखपत्र, ग्रुपवर आलेले कामाचे मेसेज जपून ठेवायचे. पीएफ कापत असतील तर खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकले आहे ते पाहायचे. तिथे एक आणि राजीनाम्यावर दुसरी तारीख निघाली तर तो मोठा पुरावा.

आता कुठे जायचे, हा प्रश्न. आणि इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मुंबईची आहे आणि आपल्यासारख्याच बायांची आहे.

१९५३ साली मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांत दोन महिला वॉर्ड कामगारांना नोटीस देऊन काढले. त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी केलेले सरकारी कर्मचारी घेतले. भरपाई काही दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा ही संघटना त्यांच्या बाजूने न्यायालयात उतरली. सरकारचे म्हणणे असे की रुग्णालय म्हणजे काही गिरणी नव्हे. ही सेवा आहे, धंदा नाही, म्हणून औद्योगिक कायदा इथे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयात २९ जानेवारी १९६० रोजी न्या. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला: रुग्णालय हाही ‘उद्योग’ आहे, आणि भरपाई न देता केलेली कपात रद्द. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या दोन बायांमुळे देशभरातल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांना कायद्याचे दार उघडले.

ते दार पुढे १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात बंद झाले आणि १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालाने पुन्हा उघडले. १९८२ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून रुग्णालये वगळायचे ठरवले, पण ती दुरुस्ती कधी अमलातच आणली नाही. म्हणजे ‘सेवा की धंदा’ हा वाद साठ वर्षे चालूच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ या व्याख्येतून काय वगळले आहे ते नीट वाचायला हवे. पूर्णपणे किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत असलेल्या संस्थांच्या मालकीची किंवा व्यवस्थापनाखालची आस्थापने वगळली आहेत. महाराष्ट्रातली किती मोठी खाजगी रुग्णालये धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत, हे आपल्याला माहीत आहे. गरीब रुग्णासाठी राखीव खाट मागायला गेले की हीच रुग्णालये कसा हिशेब दाखवतात, हेही कार्यकर्त्यांना माहीत आहे. आमचा अंदाज असा की उद्या एखादी परिचारिका न्यायाधिकरणात गेली की तीच रुग्णालये धर्मादाय असल्याचा दाखला पुढे करतील. खाट देताना धंदा, कामगाराचा हक्क देताना धर्म! या व्याख्येचा पहिला मोठा वाद कोणत्यातरी नर्सच्याच नावाने होईल, असे आम्हाला वाटते.

संहितेत चांगले काही नाही असे नाही. नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. नियुक्तिपत्र नाही म्हणून ‘ही आमच्याकडे कामालाच नव्हती’ असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे थोडा चाप बसेल. पण मुदत संपली म्हणून ऑर्डर पुढे केली नाही, तर ती ‘कपात’ मानली जात नाही. म्हणजे कंत्राटी मुलीकडून राजीनामा लिहून घ्यायचीसुद्धा गरज नाही. मार्च अखेर आली की ऑर्डर येत नाही, एवढेच.

कामगार वर्गात मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे परिचारिका, वॉर्ड कामगार, तंत्रज्ञ यांना, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येते. महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा आहे. सूडबुद्धीने काढणे आणि वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायम न करणे, या दोन्ही गोष्टींना त्यात अनुचित प्रथा म्हटले आहे. पण तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची आहे. नव्वद दिवस म्हणजे ऊसतोडीचा एक पूर्ण हंगामसुद्धा नाही. आई-बाप कारखान्यावरून परत येईपर्यंत मुलीची मुदत संपलेली असते. डॉक्टरांना बहुधा कामगार मानत नाहीत. त्यांना दिवाणी न्यायालय किंवा, संस्था सरकारी असेल तर, रिट याचिका. आणि आशाताईंचे काय? २००५ पासून त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणायचे ठरवले आहे. मोबदला कामावर, नोकरी कशावरच नाही. २०२३-२४ च्या त्यांच्या दीर्घ संपानंतर मानधनात वाढ झाली. हुद्दा तोच राहिला.

कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी गेल्या दीड-दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा सूर मात्र बदललेला दिसतो. २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारे वीस वर्षे सांगत आली की कंत्राटी म्हणजे कायमचा कंत्राटी. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्या कामगारांना कायम करताना न्यायालयाने म्हटले की उमादेवीचा निकाल शोषणाची ढाल म्हणून वापरता येणार नाही. ऑगस्ट २०२५ च्या धरम सिंह प्रकरणातही तीच भूमिका. आरोग्य अभियानातल्या मुला-मुलींनी हे दोन निकाल संघटनेच्या प्रत्येक निवेदनाला जोडले पाहिजेत.

बाईला घालवायची आणखी एक वाट असते, तिच्या अंगावरून जाणारी. लग्न ठरले, दिवस गेले, की ‘आता कसे जमणार’ सुरू होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केले म्हणून सेवेतून मुक्त केले गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला उघड लिंगभेद म्हटले आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षांनी. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टर कविता यादव यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ संपत नाहीत. हे लाभ बाईला कामावर ठेवण्याची मेहेरबानी नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती, तेव्हापासूनचा हा आपला वारसा आहे.

आणि जात. ती नेहमी उघड बोलत नाही. ‘तुमच्या लोकांना सवलतीत सगळे मिळते’ असे म्हणणे, ड्युटी लावताना घाण कामाच्या पाळ्या एकाच बाईला देणे, डबा खाताना उठून जाणे. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेल्या. त्या राजीनामा देऊन गेल्या नाहीत. त्यांना तेवढीही वाट दिसली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणारी आपल्या जिल्ह्यातली डॉक्टर मुलगी गेली. कामातल्या दबावाबद्दल तिने आधीच लेखी तक्रार केली होती, हे नंतर बाहेर आले. तक्रार पोचली आणि तिथेच पडून राहिली. त्यामुळे ‘एवढे झाले तर नोकरी सोडून का दिली नाही’ हा प्रश्न आम्हाला निर्दयी वाटतो, आणि ‘सोडलीस कशाला’ हाही तेवढाच.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा इथे लागू होऊ शकतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, तेव्हा ‘तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला अ‍ॅट्रॉसिटी कशी’ असे ठाण्यात कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नये. पण अपमानाचा गुन्हा लोकांसमोर किंवा लोकांच्या नजरेत घडावा लागतो. डॉक्टरच्या केबिनमध्ये दार लावून झालेला अपमान तिथे टिकत नाही. साक्षीदार नसताना घाईने गुन्हा दाखल करायचा, तो टिकला नाही की ‘खोटी अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणून गावभर बोंब, आणि मूळ नोकरीचा दावा नव्वद दिवसांत गेलेला. हे आम्ही होताना पाहिले आहे. आधी नोकरीचा कागद, सोबत जातीचा पुरावा जमवणे, मग गुन्हा. हा क्रम राहिला तर दोन्ही टिकतात. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे, आणि जिथे दहापेक्षा कमी लोक काम करतात तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार द्यायची. नोकरी घालवायची धमकी देणे हाही त्या कायद्यात छळाचाच भाग आहे.

थोडे आपल्याविषयीही. एखाद्या मुलीला काढले की आपले दहा-वीस तरुण निळे गमछे घालून दवाखान्यात जातात. आवाज होतो, डॉक्टर घाबरतो, पाणी मागवले जाते. तासाभराने कोणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘मिटवून टाका.’ महिन्याचा पगार हातात, आणि कागदावर मुलीची सही: ‘माझी कोणतीही तक्रार नाही.’ पहिल्या सहीतून तिला सोडवायला गेलेल्यांनी तिच्याकडून दुसरी सही करून घेतलेली असते. ही तडजोड प्रत्येक वेळी वाईटच असते असे नाही. कधी तिला खरोखर पैसेच हवे असतात. पण निर्णय तिने घ्यावा, कागद वाचून घ्यावा, आणि आपण तो तिला वाचून दाखवावा. आपल्या समाजातल्या लोकांनी चालवलेल्या संस्थाही याला अपवाद नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि टेबलाच्या खणात कोऱ्या सह्या, अशा जागा आम्ही पाहिल्या आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: ताकद पाहून काम, जेवण आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. विहारात हे सुत्त वाचले जाते. त्याच विहाराच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या मालकाला यातली किती पाळतोस, असे विचारायला काय हरकत आहे?

१९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी मांडले होते की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे ही गुलामी आहे. ७ नोव्हेंबरच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष त्यासाठीच उतरला. इच्छेविरुद्ध काम सोडायला लावणे हे त्याच नाण्याचे दुसरे अंग. बीडसारख्या जिल्ह्यात त्याची किंमत एकटी ती मुलगी देत नाही. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, हा आकडा नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पुढे आणला. असा आकडा बाहेर येतो तो दवाखान्याच्या आत काम करणाऱ्या, घरोघर फिरणाऱ्या कोणीतरी खरे लिहिल्यामुळे. खोटी नोंद करायला नकार देणारी परिचारिका ‘स्वखुशीने’ घरी गेली, तर पुढची नोंद कोण करणार?

वकिलाच्या फीची भीती सगळ्यांना असते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो. सोबत राजीनाम्याची प्रत नसेल तरी चालते. बहुतेकदा ती मुलीला दिलेलीच नसते. ‘माझ्याकडून लिहून घेतलेल्या राजीनाम्याची प्रत मला मिळालेली नाही, ती द्यावी’ एवढी मागणी दवाखान्याकडे लेखी करून तिची पोच अर्जाला जोडली, की वकिलाला सुरुवात करायला ती पुरते.